खेळाच्या खोलीची किल्ली

शाळांच्या माहितीपत्रकात आता एक पान खेळाच्या खोलीसाठी राखून ठेवलेलं असतं. घोडबंदर रस्त्यावरची नवी शाळा असो की डोंबिवलीतली जुनी, चकचकीत कागदावर ती खोली हमखास दिसते. छोटी बाजारपेठ, लाकडी आगगाडी, दवाखाना, वाळूचा हौद, भिंतीवर रंगवलेलं जंगल. खाली एक ओळ छापलेली असते की इथे मुलं स्वतः करून शिकतात. ती ओळ खरी ठरू शकते. पण केव्हा खरी ठरते आणि केव्हा छापील राहते, याचा विचार मी निवृत्तीनंतर जास्त करू लागले. टेंभी नाक्याच्या परिसरातल्या एका मराठी शाळेत शनिवारी सकाळी मदतीला जायची सवय लागली आणि तिथे अशीच एक खोली उभी राहताना पाहायला मिळाली. एरवी तुटक्या बाकांसाठी वापरली जाणारी, जिन्याखालची, एका खिडकीची खोली.

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकरांना आधी नवरात्र आठवतं. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला हा उत्सव आज एवढा मोठा झाला आहे की भाद्रपद सरत आला की इथली वाहतूकच बदलते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंदिराची प्रतिकृती उभी राहते आणि देवी यायच्या कितीतरी आधी बांबूंनी भरलेले ट्रक येऊन उभे राहतात. शाळेत येणारी मुलं रोज त्या बांबूंखालून येतात. मोठ्यांना त्यात गर्दी दिसते, मुलांना बांधकाम दिसतं.

चौथीतल्या एका मुलाने एका शनिवारी वर्गात विचारलं, "बाई, एवढे बांबू उभे आहेत, मग मधले काही तिरके का बांधतात? ते चुकलेत का?" वर्गाच्या बाईंना उत्तर ठाऊक होतं, मलाही होतं. त्या म्हणाल्या, "जाताना बघ, तिरके कुठे कुठे आहेत ते. आणि बांधणाऱ्या काकांना विचार." सोमवारी तो चित्र काढूनच घेऊन आला. कामगाराने त्याला सांगितलं होतं, "कैची मारली नाही तर मांडव झुलेल." आता वर्गाला एक शब्द मिळाला होता, कैची, आणि एक दावा मिळाला होता, ज्याची परीक्षा घेता येत होती.

परीक्षा जिन्याखालच्या खोलीत झाली. साहित्य होतं गूल काढलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या दुकानातून आणलेल्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी करणारा हा माणूस सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्याने आगकाड्यांचा मेकॅनो तयार केला. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चौकोन केला, तो बोटाने दाबला की आडवा पडला. त्रिकोण केला, तो जागचा हलेना. चौकोनात एक काडी तिरकी बसवली तेव्हा तोही ताठ उभा राहिला. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे कैची मारली की दोन त्रिकोण होतात!" हे वाक्य भूमितीच्या पुस्तकात सापडणार नाही, पण यापेक्षा चांगली भूमिती मी माझ्या नोकरीत फारशी शिकवली नाही.

या प्रसंगात खोलीने काय केलं, हे नीट पाहायला हवं. प्रश्न खोलीत जन्मला नाही, तो रस्त्यावर जन्मला. खोलीने त्या प्रश्नाला हात दिले. मोडणारं, पुन्हा जोडता येणारं साहित्य दिलं आणि पडलेल्या चौकोनाला कुणी चूक म्हणणार नाही एवढी मोकळीक दिली. भिंतीवर जंगल रंगवलेलं नसलं तरी हे सगळं होऊ शकतं. आणि भिंतीवर सुरेख जंगल असूनही यातलं काहीच होत नाही, असंही मी पाहिलं आहे.

तसं पाहिलं तर खेळाची जागा ही आपल्याकडे कुणी बाहेरून आणून दिलेली गोष्ट नाही. भातुकली हे काय होतं? चूल, बोळकी, शेंगदाण्याची भाजी, बाहुलीचं लग्न आणि त्या लग्नातली मानापमानाची भांडणं. मुलं एक पूर्ण जग उभं करत आणि त्यात दुपारभर राहत. दिवाळीतला किल्ला तर त्याहून पुढचा. माती किती भिजवायची, बुरुज ढासळू नये म्हणून आतून विटा कशा लावायच्या, पोत्यावर अळीव पेरले तर ते दिवाळीपर्यंत हिरवे व्हायला कधी पेरायला हवेत, सलाईनच्या नळीतून कारंजं उडवायचं तर बादली किती उंच ठेवायची. कुणीही 'आज आपण पाण्याचा दाब शिकणार आहोत' असं सांगत नसे. बादली खाली ठेवली की कारंजं मरगळे, गच्चीवर नेली की उसळे, आणि तेवढ्याने दाबाचा धडा पक्का व्हायचा.

आता दिवाळीच्या सुमारास बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. बुरुज रंगवलेले, दरवाजा कोरलेला, नुसते मावळे मांडायचे. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. ज्यांच्या घरासमोर मूठभर माती नाही आणि ज्यांचे आईवडील सात सव्वीसची लोकल पकडतात, त्यांच्यासाठी तोही आनंद आहे. पण तयार किल्ल्यात ढासळण्यासारखं काही नसतं आणि जिथे काही ढासळत नाही तिथे विचारण्यासारखंही फार उरत नाही. शाळांमधल्या पुष्कळशा खेळाच्या खोल्या मला या तयार किल्ल्यांच्या जातीच्या वाटतात. मुलांनी आत यायचं, ठरलेली कृती करायची, फोटो काढून द्यायचा आणि पस्तीस मिनिटांनी रांगेत बाहेर पडायचं. संध्याकाळी तो फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो आणि सगळ्यांना आपापलं काम झाल्याचं समाधान मिळतं.

आमच्या खोलीतला बाजार मात्र तयार नव्हता. एका पालकांनी दुकानातली जुनी तागडी आणि लोखंडी वजनं दिली होती, बाकी सगळं मुलांनी जमवलं. बाजार मांडायचा म्हणून मुलं जांभळी नाक्याच्या मंडईत भाव बघायला गेली आणि तिथे एका मुलीला खटकलं की बटाटे किलोने, भेंडी किलोने, मग मेथी जुडीने का? तिने भाजीवालीलाच विचारलं, "मावशी, मेथी वजनावर का नाही देत?" मावशी हसल्या. "किलोनं घेशील तर पाण्याचे पैसे देशील गं बाळा. आणि मुळांच्या मातीचेही!"

मुलीने ते जसंच्या तसं खोलीत येऊन सांगितलं. पण मुलांचा विश्वास बसेना. पाण्याला असं किती वजन असणार? मग जुडी तागडीत ठेवली, पाण्यात बुडवून पुन्हा ठेवली, झटकून पुन्हा ठेवली, पंख्याखाली मधल्या सुट्टीभर वाळवून पुन्हा ठेवली. तागडी हलत होती, पण किती हलली हे सांगता येत नव्हतं, कारण आमच्याकडचं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं होतं. कुणीतरी चिंचोके आणले. जुडी किती चिंचोक्यांनी जड झाली, हे मोजायला सुरुवात झाली आणि लगेच भांडणही सुरू झालं. एका गटाचे चिंचोके मोठे, दुसऱ्याचे बारीक. दोघांची उत्तरं वेगळी आणि दोघांनाही आपलंच उत्तर बरोबर वाटत होतं.

माणसाने शेकडो वर्षं घातलेलं भांडण ती मुलं त्या खोलीत नव्याने घालत होती. बाई तेव्हाही गप्प राहिल्या. पुढच्या शनिवारी एका मुलाने घरून बातमी आणली की सोनार पूर्वी गुंजेने सोनं तोलत, असं आजी म्हणते. मी बंद बाटलीत काही गुंजा घेऊन गेले. बाटली बंदच ठेवली, कारण गुंज विषारी असते. लाल अंग, काळा ठिपका आणि बहुतेक सगळ्या दाण्यांचा सारखा आकार. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक मुलांना तोंडपाठ करायला लागलं नाही. चिंचोका का हरला आणि गुंज का जिंकली, हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यानंतर मुलांनी लोखंडी वजनं उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांच्या भोकात भरलेलं शिसं आणि त्यावरचा सरकारी शिक्का शोधून काढला. १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शेर-तोळे मागे पडून किलो-ग्रॅम आले, सरकारी माणूस येऊन वजनं तपासतो, हे सांगायची वेळ तेव्हा आली. ती माहिती आधी दिली असती तर नागरिकशास्त्रातली एक ओळ होऊन पडली असती.

गप्प राहणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. शिक्षकाच्या अंगात उत्तर देण्याची सवय मुरलेली असते, त्यासाठीच तर पगार मिळतो असं आपल्याला वाटत असतं. वर्गात चाळीस मुलं, बाहेर मुख्याध्यापकांची फेरी आणि आत चिंचोक्यांवरून आरडाओरडा. अशा वेळी 'थांबा, मी सांगते' हे तीन शब्द जिभेवर येतातच. त्या बाईंनी ते गिळले. पण गप्प राहणं म्हणजे काही न करणं नव्हे. पन्नास ग्रॅमहून लहान वजन त्यांनी मुद्दामच ठेवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

ही वाट आपल्याच जिल्ह्यात आधी चालून झालेली आहे, हे आज फारसं आठवलं जात नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं आणि ताराबाई मोडक त्यांच्यासोबत तिथे काम करून मग मुंबईला आल्या. १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार उभं राहिलं. आपल्याकडे इथवरची गोष्ट शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांची होती. १९४५ मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मग डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

बोर्डीला मुलं शाळेत येईनात. तेव्हा बाया वस्तीवर गेल्या आणि घरापुढच्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. कोसबाडला गुरं राखणारी मुलं अंगणातही येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. मॉन्टेसरींचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्याच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं आली. पैसे नव्हते म्हणून हे झालं, हे खरं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली की शिकण्याची जागा मुलाच्या जगापासून तोडून बांधावी लागत नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या कामाचा जो भाग आपण घेतला तो योजना म्हणून घेतला. मुलाच्या पायाखालची जागाच वर्ग असू शकते, हा विचार मात्र मागेच राहिला.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. २००६ मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या तिघा अभ्यासकांनी एक निबंध लिहिला, तो अजूनही शिक्षणाच्या वर्तुळात वादाचा विषय आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न करता सोडून दिलं तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात खर्च होते आणि हाती थोडंच लागतं. माझा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. नुसती सामानाने भरलेली खोली उघडून दिली की थोड्या वेळाने दोन दांडगी मुलं सगळं बळकावतात, चार कोपऱ्यात बसून राहतात आणि उरलेली धावाधाव करतात. एका विज्ञान प्रदर्शनात आमची मुलं या बटणावरून त्या बटणावर पळत होती. दिवा लागला की पुढे. का लागला, हे विचारायला कुणी थांबलं नाही. मोकळीक दिली की जिज्ञासा आपोआप येते, हा समज भाबडा आहे.

पाढे पाठ करायला नकोत, हा समजही तसाच. पावकी-निमकी पाठ असलेल्या आमच्या आधीच्या पिढीला पाव किलोचा भाव काढायला कागद लागत नसे. बाजाराच्या खेळात ज्या मुलांचे पाढे पक्के होते तीच पुढचे प्रश्न विचारू शकली, बाकीची सुट्ट्या पैशांच्या हिशेबातच अडकली. म्हणून पाठांतर की प्रयोग हा वाद मला खोटा वाटतो. पाठ असलेलं ज्ञान हाताशी हवं, म्हणजे डोकं नव्या गोष्टीकडे मोकळं राहतं. वाद खरा असेल तर तो एवढाच, की उत्तर प्रश्नाच्या आधी द्यायचं की नंतर.

सरकारी धोरणही आता याच दिशेला बोलू लागलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणं हा पायाच मानला, २०२३ मध्ये एनसीईआरटीने खेळणी, कोडी, गोष्टींचा 'जादुई पिटारा' काढला. मोठ्या मुलांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, निवड झालेल्या शाळेला त्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आहेत. काही ठिकाणी त्यांतून सुंदर कामं होतात. पण पैसा खोलीपर्यंत पोचतो, वेळापत्रकापर्यंत पोचत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला, तरी खूप वर्गांत तो आकडा कागदावरच आहे. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात शिक्षकाने चिंचोक्यांच्या भांडणाची वाट पाहायची, अशी अपेक्षा करणं सोपं नाही. महागडी यंत्रं मोडतील या भीतीने कुलूप लावून ठेवलेल्या खोल्याही मी पाहिल्या. त्या कुलुपामागे बेफिकिरी कमी आणि भीती जास्त असते. वस्तू मोडली तर भरपाई कुणी करायची, याचं उत्तर शिक्षकाला कुणी दिलेलं नसतं.

ठाण्यासारख्या शहरात जागेचं रडगाणं तर कायमचंच. पण तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली, ती रस्त्यावर फुलं आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी. ज्या शहरात पुलाखाली शाळा भरू शकते, त्या शहरात जिन्याखालची खोली मोकळी करणं अशक्य नाही. आणि टेंभी नाक्याच्या शाळेला तर खोलीबाहेरही केवढं मोठं दालन आहे. चालत जाण्याच्या अंतरावर मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचं मंदिर, १८७९ मधलं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, ज्याचं आता मध्यवर्ती कारागृह झालं आहे तो १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्ला, आणि १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे पोचली ते स्टेशन. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही. लागतात त्या दोन सलग तासिका आणि रस्ता ओलांडून देणारं एखादं मोठं माणूस.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत शाळा तुम्हाला खेळाची खोली दाखवेल. तिथल्या रंगांचं कौतुक जरूर करा, पण आधी तिथल्या वस्तू झिजल्या आहेत का ते बघा, आणि या महिन्यात मुलांनी इथे काय मोडलं, ते विचारा. मग त्या खोलीची किल्ली कुठे असते, तेही विचारा. वर्गाच्या बाईंकडे असेल तर निश्चिंतपणे नाव घाला. कार्यालयातल्या कपाटात असेल, तर शाळेच्या पालक सभेत उठून ती बाईंकडे द्यायला सांगा. त्यासोबत हेही लिहून घ्या की काही मोडलं तर त्याची भरपाई बाईंच्या खिशातून होणार नाही.